हवालदाराचं रिकामं भांडं

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. काटेबाई परत आलेल्या ताटावरून माणसाची करत. हे नाव त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पडलं. तिथे बत्तीस वर्षं त्या पथ्याचं जेवण बनवत होत्या आणि त्यांच्या ओट्यावर तराजूचा काटा कायम उभा असायचा. नाव त्या काट्यावरून पडलं, स्वभावावरून नव्हे, असं त्या स्वतः सांगायच्या. त्यांची धाकटी बहीण त्या वेळी खिडकीबाहेर बघायची.

ते स्वयंपाकघर तळघरात होतं. भिंतीत कपाटाएवढी एक लिफ्ट होती, माणसांसाठी नव्हे, ताटांसाठी. ताटं आत सरकवायची, कळ दाबायची, की ती वर निघून जायची. प्रत्येक ताटाखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी: बिनमिठाचं, बिनसाखरेचं, मऊ, पातळ. तासाभराने तीच ताटं उष्टी होऊन खाली यायची. बत्तीस वर्षांत काटेबाई वरच्या मजल्यांवर चार-पाच वेळा गेल्या असतील, त्याही कुणी नात्यातलं आजारी पडलं म्हणून. रोगी त्यांना दिसत नसे, ताट दिसे. पण ताटावरून त्या सांगत, बारा नंबरचा डाव्या बाजूने चावत नाही, दात बघा त्याचा. सुपाच्या कपावर साय धरलेली दिसली की म्हणत, सतरा नंबरला आज कुणी भेटायला आलेलं नाही. वरच्या नर्स आधी हसायच्या, मग जाऊन बघायच्या, आणि बहुतेक वेळा काटेबाईंचं खरं निघायचं. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी त्यांचा धडा असे: माणूस खोटं बोलेल, ताट बोलणार नाही.

त्या स्वतः मात्र कधी ताट घेऊन बसल्या नाहीत. ओट्याशी उभ्या-उभ्या, एक डोळा घड्याळावर ठेवून चार घास पोटात ढकलायचे, ही सवय घरीही सुटली नाही. लग्न केलं नाही. धाकटी विधवा झाली तेव्हा आपलं शिलाई मशीन घेऊन त्यांच्याकडे राहायला आली आणि तळमजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत पहिल्यांदा गप्पांचा आवाज आला.

कुत्र्यांचं काम त्यांनी शोधलं नाही, ते चालत आलं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या कुत्रीची किडनी अधू झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पथ्याचा कागद दिला: मीठ नाही, मांस बेताचं, हाडं मुळीच नाहीत, भात आणि अंड्याचा पांढरा भाग इतका, पाणी मागेल तेवढं. बाकीचे लोक तो कागद फ्रिजवर चिकटवून चार दिवसांत विसरत. काटेबाईंनी तराजू बाहेर काढला. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने धरले होते, कुत्री दोन वर्षं जगली. तेव्हापासून डॉक्टरीणबाई आपल्याकडची अवघड जनावरं त्यांच्याकडे पाठवू लागल्या. मालकाला गावाला जायचंय आणि कुत्र्याला रोज सुई लागते, किंवा पथ्य आहे आणि घरात कुणाला जमत नाही, अशी. एका वेळी दोनच, त्याहून जास्त नाही, हा काटेबाईंचा नियम. प्रत्येकाचं भांडं वेगळं, भांड्याला रंगीत फीत, प्रत्येकाची जेवायची खोली वेगळी आणि दाराला कडी.

त्या आठवड्यात घरात दोघं होती. एक हवालदार. हा घड्याळदुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींचा तपकिरी, छाती काढून बसणारा, नऊ वर्षांचा कुत्रा. त्याला मधुमेह. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला जेवण, आणि जेवण पोटात गेल्यावर इन्सुलिनची सुई. धाकटीने या नियमाचं नाव ठेवलं होतं, आधी पोटोबा, मग टोचोबा. घड्याळजी आपल्या थोरल्या भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते, आज चौथा दिवस होता आणि दुपारी चारला ते परत येणार होते. दुसरी आजी. पांढरी, केसाळ, दाढी असलेली छोटी कुत्री, वय चौदा, किडनी निकामी व्हायला आलेली. तिची माणसं लेकीकडे गेली होती. आजी दिवसभर दिवाणाखाली असायची आणि जेवायला बोलावलं की सासुरवाशिणीसारखी दोन घास खाऊन उठायची.

हवालदार मागच्या बंद व्हरांड्यात जेवायचा. धाकटीचं मशीन तिथेच होतं. गेले तीन दिवस सहा वेळा त्याचं भांडं ठेवलं आणि सहाही वेळा ते जवळजवळ रिकामं परत आलं होतं. तळाशी तेवढी फरसबीची एखादी शेंग उरे. काटेबाई ती शेंग बघत आणि मनात म्हणत, नखरेल आहे, पण जेवतोय.

त्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी उकडलेली कोंबडी, भोपळा, फरसबी आणि ओट्स मोजून भांड्यात घातले, भांडं व्हरांड्यात ठेवलं आणि आजीचा भात मोजायला स्वयंपाकघरात परत आल्या. धाकटीला एका शाळकरी मुलीचा गणवेश शाळा भरायच्या आत पोचवायचा होता. ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घाईघाईने गेली आणि जाताना व्हरांड्याचं दार तिने खांद्याने ढकललं. कडी लावायला तिसरा हात नव्हता.

सव्वासातला काटेबाई भांडं आणायला गेल्या, दाराला कडी नव्हती हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. भांडं आरशासारखं लख्ख होतं. शेंगसुद्धा नाही. हवालदार अंगणाकडे तोंड करून बसला होता.

"आज फरसबीशी सुद्धा समेट झाला वाटतं," काटेबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, हलकेच दोन्ही तळव्यांत फिरवली, सुईत नऊ युनिट घेतली, उजेडात धरून बुडबुडा नाही ना ते पाहिलं आणि त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून टोचली. त्याने शेपटीही हलवली नाही. या कामाच्या पावणेचार वर्षांत त्यांच्या हातची सुई कुणाला कधी दुखली नव्हती.

साडेआठच्या सुमारास धाकटी परतली, तेव्हा काटेबाई दिवाणापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात आजीचा भात.

"येतच नाही बाहेर. वासही घेत नाही."

"तिला काय कमी आहे," धाकटी चपला काढत म्हणाली. "मीही तुझा तो भात बघून दिवाणाखाली जाईन म्हणते." मग ती वाकली आणि आजीला अलगद बाहेर ओढून मांडीवर घेतलं. "अगं बाई, पोट बघ केवढं. नगारा झालाय." आणि जरा थांबून, "ताई, हिच्या दाढीला भोपळा कसा गं? हिच्या पथ्यात भोपळा कुठे आहे?"

काटेबाईंनी दाढीत अडकलेला तो केशरी धागा बोटाने ओढून काढला. बोटाकडे बघितलं. मग मान वळवून व्हरांड्याच्या दाराकडे बघितलं. दार अर्धं उघडं होतं.

"तू कडी लावली होतीस?"

"हातात पिशव्या..." धाकटीचं वाक्य तिथेच राहिलं.

हवालदाराने काही खाल्लंच नव्हतं. भांडं आजीने चाटून पुसून साफ केलं होतं, आणि त्या लख्ख भांड्याकडे बघून त्यांनी उपाशी कुत्र्याला नऊ युनिट इन्सुलिन दिलं होतं. त्याला आता सव्वा तास झाला होता. पोटात अन्न नसताना ते औषध रक्तातली साखर उतरवत जातं, आणि ती फार उतरली की आधी पाय लटपटतात, मग फिट येते, आणि त्यानंतर कधीकधी काहीच येत नाही.

त्या उठल्या. गुडघ्याचा आवाज झाला तो त्यांनाही ऐकू आला नाही.

हवालदार मशीनखाली आडवा पडला होता. हाक मारल्यावर त्याने डोळे उघडले, पण डोकं उचललं नाही. काटेबाईंनी त्याच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्रावर घेतला. रोज या वेळी आकडा दोनशेच्या घरात असे. आज चौऱ्याहत्तर.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मागे गाई हंबरत होत्या. डॉक्टरीणबाई तासाभराच्या अंतरावर एका गोठ्यात होत्या.

"शुद्धीवर आहे?"

"आहे."

"गिळतोय?"

"दिलंच नाही अजून काही."

"मग द्या. काय खाईल ते द्या. आज पथ्य बाजूला ठेवा काटेबाई, पथ्य उद्या. आणि हे बघा, औषधाचा खरा जोर अजून यायचाय. पुढचे तीन-चार तास त्याच्याजवळून हलू नका. पाय कापायला लागले तर गोड काहीतरी बोटावर घेऊन हिरडीला चोळा, घशात ओतायचं नाही, ठसका लागेल. फिट आली तर सरळ दवाखान्यात, कंपाउंडर सलाईन लावेल, मी त्याला सांगून ठेवते. मी बाराच्या आत पोचते."

"बरं."

"काटेबाई, झालं काय नक्की?"

"भांडं रिकामं होतं," काटेबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यांनी घड्याळजींनाही फोन लावला. लागला नाही. ते बसमध्ये असतील. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग सुरू झाली ती मिनतवारी. कोंबडी दिली, त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंडं उकडून दिलं, फोडून दिलं, हाताने भरवलं. त्याने घास तोंडात धरला आणि तसाच जमिनीवर सोडला. बत्तीस वर्षं ज्या बाईने चमचाभर मीठ जास्त पडलं म्हणून अख्खं पातेलं परत पाठवलं, ती आता गुडघ्यावर बसून लोणी लावलेला पाव एका कुत्र्यापुढे नाचवत होती. तो त्यांच्याकडे बघत होता. कंटाळून नव्हे. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

सव्वानऊला त्याचा मागचा पाय थरथरला. मग दोन्ही. आकडा एकोणपन्नास.

"साखर आण," काटेबाई म्हणाल्या.

धाकटी हलली नाही. "घरात साखर नाही ताई."

नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या रक्तातही साखर काठावर आली आणि काटेबाईंनी डबा शेजारी देऊन टाकला होता. चहा बिनसाखरेचा, बिस्किट एक, तेही सकाळी. धाकटी धावत स्वयंपाकघरात गेली आणि जॅमची बाटली घेऊन आली. काटेबाईंनी ती हातात घेतली, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि बाटली दूर ढकलली.

"बिनसाखरेचा आहे. यातला गोडवा कुत्र्यांना विष असतो. हे ठेव वर, आधी ठेव."

"शेजारी?"

"शेजारचे सकाळीच गेले. दुकान नाक्यापलीकडे. तुला पळता येतं का?"

धाकटीला पळता येत नव्हतं. ती एक क्षण तशीच उभी राहिली. मग मशीनपाशी गेली, खालचा खण ओढला, त्यातून रिळं, खडू, एक फाटकं पोलकं बाहेर काढलं आणि त्याच्या खालून मधाची अर्धी बाटली काढली. बाटलीच्या मागोमाग बिस्किटांचा पुडाही जमिनीवर आला.

"रागावू नकोस," ती म्हणाली.

"झाकण उघड," काटेबाई म्हणाल्या.

त्यांनी बोट मधात बुडवलं, हवालदाराचा ओठ बाजूला केला आणि फिकट पडलेल्या हिरडीवर बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पुन्हा. बोट हलकं ठेवायचं, त्याने चावलं तरी ओढायचं नाही. तो चावला नाही. त्याची जीभ हळूच बाहेर आली आणि आत गेली. दहा मिनिटं. पंधरा. पायांची थरथर कमी झाली, मग थांबली. त्र्याऐंशी.

धाकटीने श्वास सोडला. "जिवात जीव आला बाई."

"नाही आला. मध म्हणजे उसना धक्का आहे. पोटात अन्न गेलं नाही तर अर्ध्या तासात परत खाली जाईल." काटेबाई घड्याळाकडे बघत होत्या. "कशाला ठेवायचीस लपवून?"

"तुला सांगून ठेवायला हवी होती का?"

"तुझं ताट रोज रिकामं असतं. मला वाटायचं, पोट भरतंय."

"ताई, माझं ताट रोज आवळीच्या झाडाखाली रिकामं होतं. कावळे मजेत आहेत तुझ्या पथ्यावर." धाकटी हे हसत म्हणाली खरी, पण हसणं तिच्या ओठांवर टिकलं नाही. काटेबाईंनी तिच्याकडे बघितलं. दुसरा कुठला दिवस असता तर या वाक्यावर घरात तीन दिवस अबोला झाला असता. त्यांनी फक्त बोट पुन्हा मधात बुडवलं.

दहा वाजता बासष्ट. पुन्हा मध. साडेदहाला अठ्ठावन्न. बाटली तळाला आली होती. अन्नाचं नाव नाही. काटेबाईंनी दवाखान्यात फोन केला, कंपाउंडर म्हणाला घेऊन या, रिक्षा मिळेल का, मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. चाळीस किलोचं कुत्रं उचलायचं कसं, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. काटेबाई चादर आणायला उठल्या. चादरीत घालून ओढत दारापर्यंत तरी नेऊ, पुढचं पुढे.

धाकटी त्याच्याजवळ एकटी राहिली. तिला लहानपणापासून भीती वाटली की भूक लागायची. आई वारली त्या दिवशीही तिने कोपऱ्यात बसून अर्धी भाकरी खाल्ली होती आणि जन्मभर टोमणे ऐकले होते. ती मशीनच्या पायाला टेकून जमिनीवर बसली, हात आपोआप पुड्याकडे गेला, आणि ती एक बिस्किट कुरतडू लागली.

हवालदाराने डोकं उचललं.

धाकटीने दुसरा घास घेतला. तो पुढच्या पायांवर उठला, लटपटत, बाजूला पडलेल्या अंड्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे. आणि त्याने अंडं खाल्लं.

"ताई," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "चादर राहू दे. इकडे ये. हळू ये."

काटेबाई दारात येऊन थांबल्या. धाकटी चावायची थांबली तसा तोही थांबला.

"थांबू नकोस," काटेबाई म्हणाल्या. "खात राहा."

"बिस्किट संपलं."

"दुसरं घे."

"तू सांगतेयस हे. लक्षात ठेव."

"पाच खा. सगळा पुडा खा. बोलू नकोस, चाव."

धाकटीने चावलं. कुत्रा खात होता. अंडं संपलं. काटेबाईंनी सकाळी शिजवून उरलेली कोंबडी आणि ओट्स भांड्यात घालून पुढे ठेवले, आणि मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी ताट घेतलं, त्यात आजीसाठी शिजवलेला तो बिनमिठाचा भात वाढला, आणि गुडघे दुमडून जमिनीवर बसल्या. हवालदार एका बाजूला, धाकटी दुसऱ्या. तिघं जेवली. काटेबाईंची नजर त्याच्या भांड्यावर नव्हती. त्या त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. घास खाली उतरताना तिथली कातडी कशी हलते ते मोजत होत्या. एक. दोन. सात. अकरा. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गेले तीन दिवस धाकटी सकाळ-संध्याकाळ याच मशीनवर बसून काही ना काही चघळत असणार. तो तिच्या सोबतीने जेवत होता. आज ती गणवेश द्यायला गेली आणि तो उपाशी राहिला.

सव्वाअकराला आकडा एकशे चार. अर्ध्या तासाने सत्त्याण्णव. घसरला, पण कोसळला नाही.

डॉक्टरीणबाई बाराला दहा कमी असताना आल्या. बुटांना शेण होतं, ते पायपुसण्यावर पुसून त्या सरळ व्हरांड्यात गेल्या. कुत्रा तपासला, हिरडी दाबून बघितली, पुन्हा रक्त घेतलं. मग आजीलाही तपासलं. एका वेळच्या मांसाने लगेच काही होणार नाही, पण आज पाणी भरपूर, उलटी झाली तर कळवा, आणि तिच्या माणसांना सांगा. मग हात धुऊन त्या टेबलाशी बसल्या.

"थोडक्यात वाचलाय. आणखी अर्धा तास तुमच्या लक्षात आलं नसतं तर मी इथे नसते बसले."

"ठाऊक आहे."

"तुम्ही भांडं बघितलंत काटेबाई. कुत्रा बघितला नाहीत."

"ठाऊक आहे," काटेबाई पुन्हा म्हणाल्या. "मी या दोघांना परत पाठवते. यापुढे कुणाला पाठवू नका माझ्याकडे."

डॉक्टरीणबाई उठल्या. "संध्याकाळी सातला तो पोटभर जेवला तरच सुई, आणि तीही निम्मी. आधी मला आकडा कळवा," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दुपार सरता सरेना. दर तासाला आकडा. हवालदार आता धाकटीच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता आणि धाकटीला पायाला मुंग्या आल्या तरी ती हलत नव्हती. काटेबाई पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. चारला काय सांगायचं याची त्यांनी मनात चार-पाच वाक्यं जुळवली. सगळ्यांची सुरुवात "दार उघडं राहिलं" अशी होती. प्रत्येक वेळी त्या ते वाक्य खोडत होत्या, कारण दार उघडं राहिलं हे खरं असलं तरी सुई दाराने दिली नव्हती.

घड्याळजी चारला वीस मिनिटं असताना आले. किडकिडीत, सत्तरीचे, एका हातात बॅग आणि एका हातात भावाने दिलेली संत्र्यांची पिशवी. बॅग खाली ठेवायच्या आतच काटेबाई म्हणाल्या, "आधी ऐका. सकाळी माझ्याकडून चूक झाली. हवालदार जेवला नव्हता आणि मी त्याला सुई दिली. साखर एकोणपन्नासवर गेली होती. आता बरा आहे. पण जाऊ शकला असता."

घड्याळजींनी पिशवी खाली ठेवली. एक संत्रं घरंगळत दाराबाहेर गेलं, कुणी उचललं नाही. ते आत गेले. व्हरांड्यातून शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. काटेबाई दारातच उभ्या राहिल्या. शेवटी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पट्टा होता.

"तुम्ही भांडं ठेवून निघून गेलात?"

"हो."

"तो एकटा जेवत नाही."

"आज कळलं मला ते."

घड्याळजी पट्ट्याची कडी उघडत-मिटत राहिले. "माझी ही गेली तेव्हापासून. तिला जाऊन पाच वर्षं झाली. मी जमिनीवर त्याच्याशेजारी ताट घेऊन बसतो, मग तो खातो. मीही त्याच्याशिवाय..." ते थांबले. "सांगायला हवं होतं. तुम्ही वहीत सगळं विचारून लिहून घेतलंत, किती ग्रॅम, किती वाजता. हे सांगायची लाज वाटली. इस्पितळातल्या बाई आहात, तुमची पद्धत असेल, म्हटलं."

"पद्धत होती," काटेबाई म्हणाल्या.

"बाई, मी रागावलोय. पण कुणावर, ते अजून कळत नाहीये मला."

"माझ्यावर रागवा. ते बरोबर आहे."

"बघतो," घड्याळजी म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. धाकटीने आतून विचारलं, "चहा ठेवू का? साखर नाही, पण मधाचा तळ आहे." त्यांना हसू आलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं. थोड्या वेळाने पट्टाही खुंटीला अडकवला.

सातला काटेबाईंनी नेहमीसारखं मोजून भांडं भरलं. आजीच्या खोलीचं दार लावलं, कडी घातली, ती हाताने ओढून पाहिली. व्हरांड्यात जमिनीवर ते भांडं आणि तीन ताटं मांडली. घड्याळजींना खाली बसायला धाकटीने हात दिला, त्यांनी तो घेतला. हवालदाराने आधी घड्याळजींकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग काटेबाईंकडे, जणू हजेरी घेतोय, आणि तोंड भांड्यात घातलं.

काटेबाई गळ्याकडे बघत होत्या. भांडं रिकामं झालं. तळाशी फरसबीची एक शेंग उरली. त्यांनी आकडा घेतला, डॉक्टरीणबाईंना कळवला, मग सुईत साडेचार युनिट घेतली, उजेडात धरली, आणि सुई धरलेला हात घड्याळजींपुढे केला.

"तुम्ही द्या."

घड्याळजींनी सुई घेतली नाही. ते कुत्र्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून बसले, काटेबाईंना टोचायला सोपं जावं म्हणून.

"खाल्लंय त्याने," ते म्हणाले. "मी बघितलंय. तुम्हीही बघितलंय."

काटेबाईंनी सुईवरची रेघ पुन्हा एकदा उजेडात वाचली. मग टोचलं.

"मग, ताई," धाकटी आपलं ताट पुढे सरकवत म्हणाली, "माझंही बघणार आहेस का आता? सांगून ठेवते, यात भोपळा उरणार आहे."

काटेबाईंनी तिचं ताट उचललं नाही. त्या तिथेच बसून राहिल्या, आणि धाकटी काय खाते आणि काय बाजूला सारते ते बघत राहिल्या.